छपरावरून दिसलेले घर

वैशाख अर्धा सरला की रत्नागिरीच्या बाजारपेठेत सुक्या मासळीचा वास दाटू लागतो आणि माझ्या टेबलासमोरची गर्दी पालटते. दाखले काढणारे विद्यार्थी अद्याप निकालाच्या प्रतीक्षेत असतात, बांधावरून भांडणारी मंडळी तूर्त भांडण आवरून लाकूडफाट्याच्या मागे लागलेली असतात. तहसील कार्यालयाबाहेर बदामाच्या झाडाखाली माझे टेबल आहे. लोक मला रायटर म्हणतात. मी स्वतःस अर्जनवीस म्हणवतो. कारण लिहिता कोणासही येते, मागणे नेमक्या शब्दांत मांडणे ही निराळी विद्या आहे. माझी शाळा नववीत सुटली, परंतु भाषा मी सुटू दिली नाही. या भागातील कित्येक घरांचे दुःख माझ्या हातून शासनापुढे गेले आहे आणि ते शुद्ध मराठीत गेले आहे, एवढे मी नम्रपणे नमूद करतो.

या दिवसांना आमच्याकडे आगोट म्हणतात. पावसाचे महिने घरात बसून काढायचे, म्हणून त्यापूर्वी घर भरून ठेवायचे. वाळवलेल्या कोळंबीचे सोडे, जवळा, सुके बांगडे डब्यांत बंद होतात. कोकमे उन्हात लाल पडून काळवंडतात. मसाला कुटला जातो आणि शेजारच्या घरातल्या माणसांनाही शिंका येतात. पडवीत लाकडे रचली जातात, शेणी कोरड्या कोपऱ्यात जातात. हल्ली शहरात राहणाऱ्या माझ्यासारख्यास यातील काहीच आवश्यक नाही, कारण दुकाने बारमाही उघडी असतात. तरीही गेल्या आठवड्यात सोडे घेण्यास मी बाजारात गेलोच. कोळीण म्हणाली, "रायटर, दरसाल तेवढंच घेतास. घरात माणसं वाढत नायत काय?" मी पिशवी हातात घेतली, आणि त्या वासासरशी शिवरामबाबांची आगोट आठवली.

काही वर्षांपूर्वी याच दिवसांत ते माझ्यासमोर येऊन बसले. धोतर, टोपी, काखेत छत्री. हातखंब्यापलीकडच्या एका वाडीतील शेतकरी. बराच वेळ ते माझ्या शाईच्या शिक्क्यांकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "रायटरसाहेब, पोरावर अर्ज टाकायचा हाय."

वृद्ध आईबापांच्या निर्वाहासाठी कायदा आहे आणि त्याचे अर्ज प्रांतांकडे चालतात. असे अर्ज मी पुष्कळ लिहिले आहेत. मी कोरा कागद पुढे ओढला.

"मुलगा पैसे देत नाही?"

"देतो की. म्हयन्याच्या म्हयन्याला देतो."

"मारझोड? शिवीगाळ?"

"कोन, माजा मंगेश?" म्हातारा माझ्यावरच उखडला. "त्यानं कुत्र्याला कदी दगड मारल्यान नाय!"

"मग घराबाहेर काढले आहे का?"

"घर माजां, तो मना काय काढंल?"

"मग तक्रार काय लिहू, बाबा?"

शिवरामबाबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आगोटीला नळे परताया येत नाय. दोन वर्सां झाली, आला नाय. आन आता टेम्पो भरून लोखंडी पत्रे धाडल्यान. खळ्यात पडलेत. फॅब्रिकेशनवाला पुडल्या हप्त्यात येनार, नळे काडून पत्रा ठोकनार."

"ते तर उत्तमच झाले. गळणार नाही."

"गळनार नाय, तां मना कळतां," ते म्हणाले. "पन पत्रा बसला का मंगेश छपरावर कशाला चडंल? आन मना त्याला छपरावर चडवायचा हाय. पाऊस लागायच्या आदी."

वाचकांपैकी ज्यांचा जन्म स्लॅबच्या घरात झाला, त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे मला कर्तव्य वाटते. हाताने घडवलेल्या, अर्धगोल देशी कौलांना आमच्याकडे नळे म्हणतात. वर्षभरात वानरे त्यांवर उड्या मारतात, वारा ती सरकवतो, पाचोळा सांदीत कुजतो. म्हणून दर आगोटीला सर्व नळे खाली उतरवायचे, झाडायचे, फुटके बाजूला काढायचे आणि पुन्हा रचायचे; हेच नळे परतणे किंवा शाकारणी. हे काम एका घराच्या माणसांना जमत नाही. वर दोघे-तिघे, शिडीवर एकजण, खाली हातांची साखळी आणि टोकाला नळे मांडणाऱ्या बायका. आज एकाचे घर, उद्या दुसऱ्याचे. वाडीत कोणाचे कोणाशी बोलणे नसले तरी त्या दिवशी नळा मात्र त्याच्या हातातून घ्यावाच लागे.

माझे बालपण संगमेश्वराकडच्या अशाच एका वाडीत गेले. आमच्या घराची पाळी आली की आई पहाटेच काळ्या वाटाण्यांची उसळ चुलीवर चढवी आणि मग चूल विझवून तीवर सूप पालथे घाली. फुटके नळे वेगळे काढण्याचे काम मला. एके वर्षी वडिलांनी मला वर घेतले. नळे निघाले होते, रिपांच्या लाकडी पट्ट्यांमधून खाली पाहिले, तर आमचेच घर मला ओळखू येईना. आई वरून एवढीशी दिसत होती. आम्ही सहाजण ज्या जागेत झोपत होतो ती एखाद्या पाटाएवढी वाटली. तेव्हा मला प्रथमच कळले की घर आतून जसे दिसते तसे ते असतेच असे नाही.

ही गोष्ट मोठ्यांना ठाऊक होती. नळे काढले की घराचा झाकलेला भाग वाडीपुढे उघडा पडे. आमच्या शेजारी एक विधवा काकी राहत. शाकारणीस वर चढलेल्या पुरुषांना त्यांच्या भाताच्या कणगीचा तळ दिसला. कोणी अवाक्षर काढले नाही. संध्याकाळी त्या कणगीत भात होते आणि कोणी घातले ते विचारण्याची पद्धत नव्हती. दुसऱ्या एका घरी वाशांत खोचलेल्या दारूच्या बाटल्या निघाल्या. घरमालकाच्या सख्ख्या भावाने त्या एकेक करून साखळीतून खाली पाठवल्या, नळे पाठवावेत तशा. त्या शेवटी घरमालकाच्या आईच्या हातात पोहोचल्या. म्हातारी मोठ्याने म्हणाली, "ह्यो नळा कंच्या कारखान्याचा गो बायांनो?" वाडी हसली. तो गृहस्थ हसला नाही. परंतु त्या पावसाळ्यात त्याचा भाऊ रोज रात्री त्याच्या पडवीत येऊन बसू लागला, हे मी पाहिले आहे.

कुटुंब म्हणजे काय, हे रेशनकार्डावर छापलेले असते आणि त्या यादीत नाव घालण्याचे वा कमी करण्याचे अर्ज मी नित्य लिहितो. यादी खोटी नसते. परंतु ज्याला घराचा तळ ठाऊक आहे आणि ठाऊक असूनही जो उद्या पुन्हा येतो, त्याचे नाव कोणत्या रकान्यात घालावे, यासाठी शासनाने अद्याप नमुना काढलेला नाही.

असो. शिवरामबाबांचा अर्ज मी लिहावयास घेतला. अर्जाच्या अखेरीस विनंती असते. त्यापूर्वीचे सर्व परिच्छेद म्हणजे तिच्यापर्यंत नेणारी पायवाट. मी पायवाट चांगली बांधली. वृद्धापकाळ, एकुलता पुत्र, मातृपितृऋण. मग विनंतीपाशी लेखणी थांबली. कायदा निर्वाह देववतो. मुलाने आगोटीला येऊन छपरावर चढावे, असा आदेश कोणत्या कलमाखाली मागावा? मी आत जाऊन माझ्या परिचयाच्या अव्वल कारकुनास विचारले. ते चहा पीत होते. म्हणाले, "रायटर, उद्या तुम्ही सुनेने गोड बोलावे म्हणून अर्ज आणाल." वाक्य मला लागले, कारण ते कायद्यास धरून होते.

बाहेर येऊन मी शिवरामबाबांकडून मुलाचा क्रमांक घेतला आणि फोन लावला. मुलगा लोटे येथील औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात पाळीवर कामाला, बायकोमुलांसह तिथेच बिऱ्हाड.

"मी रत्नागिरीहून अर्जनवीस बोलतो आहे."

"कोन? बाबा बरे हायत ना?" आवाज एकदम चढला.

"बाबा माझ्यासमोर बसले आहेत. ते तुमच्याविरुद्ध अर्ज दाखल करू इच्छितात."

पलीकडे यंत्रांचा आवाज येत राहिला. मग तो म्हणाला, "साहेब, उद्याच्याला येतंव. तवर कागद पुडं सरकवू नका."

दुसऱ्या दिवशी रात्रपाळी संपवून तो थेट आला. चाळिशीकडे झुकलेला, डोळे लाल, कंपनीचा शर्ट अंगावरच. बाप आधीच येऊन बसला होता.

"बाबा, तुमी माज्यावर केस टाकताव?"

"टाकतंव."

"मी पैशे द्यायचा थांबलो काय?"

"नाय."

"मंग?" तो माझ्याकडे वळला. "साहेब, कायद्यात किती बसतात तां सांगा, मी डबल देतंव."

"बघा," शिवरामबाबा मला म्हणाले, जणू साक्षीदाराने स्वतःहूनच कबुली दिली होती. "आयकलाव?"

मंगेश चिडला, परंतु त्याचे चिडणेही समंजस होते. "साहेब, तुमीच सांगा. शेवटच्या वर्साला नळे परताया माणसां किती? मी, बाबा आन आये. वाडीतल्या सगळ्यांनी पत्रे घातल्यानी. मी वर, तर बाबा शिडीवर. सत्तरीचा माणूस! पाय सटकला, म्हनून पाठीवर पडले. नशीब, पेंड्यावर पडले. त्या दिवशी मी ठरवलां, ह्यांना शिडीवर चडाया द्यायचां नाय. म्हनून पत्रा घेतला. रजा न्हवती, तरी ओव्हरटाईम करून घेतला. त्याच्यावर केस?"

मला दोन्ही पक्ष खरे वाटले. माझ्या व्यवसायात ही स्थिती अडचणीची असते.

मी घसा साफ केला आणि म्हणालो, "मंगेशराव, अर्जात लिहिण्याजोगी विनंती मजजवळ नाही. तोंडी सांगतो. पत्रे लावा अगर लावू नका, तो तुमचा प्रश्न. परंतु नळे उतरवायचे तर आहेतच. ते फॅब्रिकेशनवाल्याने उतरवण्याऐवजी तुम्ही उतरवा. एक दिवस या."

"आन माणसां?"

"माणसां मी बोलवतंव," शिवरामबाबा पहिल्यांदाच भरभर बोलले. "आन रायटरसाहेब, तुमीपन येवा."

"मी?"

"सांगायला आलाव, मंग नळे झेलायला नको काय?"

त्या रविवारी मी टेबल बंद ठेवले. वाडीत पोहोचलो तो अंगणात माणसे आधीच जमलेली. ज्यांच्या घरांवर केव्हाच पत्रा चढला होता तेही आले होते. एक गृहस्थ मला म्हणाले, "कोन बोलवीतच न्हवता हो. आमी काय आपसूक जायाचां?" माझा पांढरा सदरा पाहून बायकांना हसू आवरेना. "रायटर, इस्तरी मोडंल हां," एकजण म्हणाली. "ह्यांना शेवटाला उभे करा, फुटके नळे मोजून रिपोट लिवतील," दुसरी म्हणाली. मला साखळीच्या मधोमध उभे केले. नळा वाटतो त्यापेक्षा जड असतो आणि तो झेलताना पुढच्याच्या हाताकडे पाहावे लागते, तोंडाकडे नाही. थोड्याच वेळात माझ्या अंगाला ती लय आठवली. लहानपणी शिकलेले अंग विसरत नाही. डोके मात्र विसरते.

मंगेश छपरावर होता. पडवी झाली, माजघर झाले. मग तो स्वयंपाकघराच्या बाजूस सरकला, चारदोन ओळी खाली दिल्या, आणि नळे येणे थांबले. साखळीतले हात रिकामे राहिले.

"मंग्या, झोप लागली काय रे वर?" कोणी ओरडले.

शिडीवरचा माणूस मान उंच करून पाहू लागला. मंगेश रिपांना धरून ओणवा बसला होता आणि खाली बघत होता. मग तो शिडीवरून उतरला, नळे झेलणाऱ्या माणसांमधून वाट काढत घरात गेला. दार उघडेच होते, म्हणून आतले सर्वांना ऐकू आले.

"आये, फळीवरचे डबे खाली कशाला मांडलेस? तांदूळ, मीठ, मसाला, सगळां तुज्या पाटाभोवती. पान्याची कळशीपन."

"हाताशी बरां पडतां."

"हात वर कर."

"आता कशाला? मानसां खोळंबलीत."

"आये, हात वर कर बगू."

मंगेशचा आवाज उतरला. "कवापासनं जात नाय वर?"

"शिमग्याच्या आदीपासनं. डावा जातो की."

"दर दोन दिसांनी फोन करतो मी! सांगलास का नाय?"

"तू इचारतोस, आये जेवलीस काय," ती माउली म्हणाली. "जेवते मी. मंग जेवले म्हनून सांगते. हाताचां तुनी इचारलास कदी?"

मंगेश बाहेर आला तो बापासमोर उभा राहिला. "तुमाला ठावं होतां?"

"तिनी शपथ घातलीन," शिवरामबाबा म्हणाले. हातातला नळा ते पंचाने पुसत होते, स्वच्छ होता तरी पुसत होते. "पोराला सांगायचां नाय, तो काम सोडून येल, म्हनाली. मिनी नाय सांगलां. पन तू वर चडून बघशील, तां काय मिनी थांबवायचां?"

मग माझा सदरा पाहून हसलेलीच बाई पदर खोचून आत गेली आणि तिच्यामागून आणखी दोघी. साखळी पुन्हा सुरू झाली.

पुढची हकीकत थोडक्यात देतो. मंगेश दुसऱ्या दिवशी आईला रत्नागिरीस डॉक्टरांकडे घेऊन आला. खांदा आखडला होता. औषध थोडे, व्यायाम फार. भिंतीवर बोटांनी चढत जायचे, रोज. असा व्यायाम एकटे माणूस चार दिवस करते आणि सोडते, हे डॉक्टरांनीच सांगितले. मग सून रोज संध्याकाळी लोट्याहून व्हिडिओ कॉल लावी आणि नातवंडे ओरडत, "आजी, अजून वर, अजून वर!" दिवसा वाडीतल्या बाया जाता येता डोकावत, "काकी, आज कुटवर गेला?" तो हात वर नेण्यात औषधाचा वाटा किती आणि या विचारण्याचा किती, हे मला सांगता येणार नाही. डॉक्टरांनाही येईल असे वाटत नाही. एवढे खरे की त्या वर्षी वाडीतल्या आणखी एका घराने, पत्र्याचे असूनही, घर झाडावयाच्या निमित्ताने सर्वांना बोलावले. त्यांच्या म्हाताऱ्याला दिसत नाही, हे तेव्हा कळले. तो दोन वर्षे अदमासाने वावरत होता.

त्या प्रसंगापासून माझ्या कामात एक बदल झाला आहे. पूर्वी मी पक्षकारास विचारी, "मागणे काय?" आता त्याआधी विचारतो, "घरी कोण कोण असते, आणि शेवटचे घरी आले कधी?" पुष्कळांना राग येतो. जातीच्या दाखल्यासाठी आलेला एक तरुण म्हणाला, "काका, फॉर्ममध्ये हे नाय." मी म्हणालो, "फॉर्ममध्ये नाही हे मला तुझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे." तो आपल्या आजोळाविषयी बोलू लागला आणि दाखल्याचे विसरलाच.

शिवरामबाबांचा अर्ज मी दाखल केला नाही. ते पत्रे मात्र वाया गेले नाहीत. मंगेशने ते गोठ्यावर आणि लाकडांच्या खोपीवर ठोकले. घरावर नळेच आहेत. शिवरामबाबांना आता शिडीची बंदी आहे, ते खाली खुर्ची टाकून सर्वांना चुका सांगतात. स्वयंपाकघरातली फळी मंगेशने उतरवून आईच्या खांद्याच्या उंचीवर बसवली आहे.

सोडे घेऊन परतलो त्याच संध्याकाळी त्याचा फोन आला. "रायटरकाका, रविवारी आमचां घर. एक माणूस कमी पडतोय." मी म्हणालो, जुना सदरा घालून येतो.

काल जाऊन आलो. उन्हाने अंगण तापले होते, वानरांनी यंदा बरेच नळे फोडले होते. मंगेश वर चढला. कोणत्याही घराचे छप्पर कडेकडून उतरवत जातात, पडवीपासून. तो मात्र दरसाल प्रथम चुलीवरचा नळा काढतो. वाडीने आता त्यास नावे ठेवणे सोडून दिले आहे. त्याने तो एक नळा बाजूला केला, भोकापाशी तोंड नेले आणि हाक मारली, "आये, हात वर कर."

उघड्या दारातून मला दिसले, हात वर आला, उजवा, पूर्ण नव्हे पण बराच. त्यात आमटीची पळी होती.

"कर तुजां काम गपचूप," ती म्हणाली. "धूळ पडतेय आमटीत."